स्क्रीनमधून सर्व्हिसमध्ये

ॲप्लिकेशन चालू होतं, त्यात वाद नव्हता. नोंदी घ्यायच्या, त्यांची बिलं बनवायची, रात्री एकत्रित अहवाल काढायचा, असं एक लहानसं जावा ॲप्लिकेशन. वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेलं. मात्र ते नेमकं चालतंय कसं, असं विचारलं की टीममध्ये सगळे एकमेकांकडे बघायचे. "स्क्रीनमध्ये आहे," एवढंच उत्तर मिळायचं. कुणाच्या लॉगिनखालच्या स्क्रीनमध्ये? तर नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याच्या. खातं त्याचं, होम फोल्डर त्याचं, जावासुद्धा त्याने स्वतःच्या होम फोल्डरात टाकलेलं. माणूस गेला तरी त्याचं लॉगिन सर्व्हरवर नांदत होतं, कारण ते काढलं तर बिलं बंद.

कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची, सिक्युरिटी अपडेट्स साठत चालली होती आणि रीबूट कुणीच करत नव्हतं. रीबूट केलं की ॲप्लिकेशन हाताने उठवावं लागणार, आणि ती हाताची कमांड कुणाच्या हिस्टरीत आहे हे शोधण्यापासून तयारी. शेवटी ठरलं की याची रीतसर सर्व्हिस करायची, म्हणजे मशीन बूट झालं की ते आपोआप उठेल असं करायचं, आणि ते काम माझ्याकडे आलं.

आधी स्क्रीनविषयी दोन शब्द, कारण त्याला उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. स्क्रीन हा प्रोग्राम १९८७ सालचा. लांबच्या मशीनवर काम चालू असताना कनेक्शन तुटलं तरी काम तुटू नये, यासाठी तो होता आणि आजही ते काम तो उत्तम करतो. टर्मिनलचं कनेक्शन गेलं की त्यातल्या प्रोसेसना, म्हणजे चालू प्रोग्रामना, सिगहप नावाचा सिग्नल जातो. सिग्नल क्रमांक १. टेलिफोन लाइनवर मोडेम लावून लॉगिन व्हायच्या जमान्यातला तो सिग्नल: पलीकडच्याने फोन ठेवला, आता आवरा. त्या सिग्नलचा डीफॉल्ट परिणाम म्हणजे प्रोसेस मरणे. नोहप या कमांडने प्रोसेस सुरू केली तर ती हा सिग्नल ऐकतच नाही. स्क्रीन आणि त्याच्यासारखाच टीमक्स वेगळी युक्ती करतात, स्वतःचं खोटं टर्मिनल उभं करून प्रोसेस त्यात ठेवतात, म्हणजे खरं टर्मिनल गेल्याचं तिच्या कानावरच येत नाही. दोन्हींत प्रोसेस तुमच्या मागे टिकते खरी. पण ती मेली तर उठवणारं कुणी नाही, आणि रीबूटनंतर तर प्रश्नच नाही.

पर्याय काय होते? इनिट स्क्रिप्ट लिहिणं, सुपरव्हायझरसारखा वेगळा प्रोग्राम बसवणं, सगळंच कंटेनरमध्ये नेणं किंवा सर्व्हरवर आधीच असलेलं सिस्टिमडी वापरणं. मी सिस्टिमडी घेतलं, म्हणजे बूटच्या वेळी सर्व्हिसेस उठवणारा आणि सांभाळणारा लिनक्सवरचा प्रोग्राम. २०१० साली लेनार्ट पोटरिंग आणि के सीव्हर्स यांनी ते सुरू केलं. २०११ मध्ये फेडोरा १५ या लिनक्स वितरणाने ते डीफॉल्ट केलं, २०१५ मध्ये डेबियन ८ आणि उबुंटू १५.०४ ही त्यात आले. त्यावरून झालेली भांडणं ज्यांना आठवतात त्यांना ती तोंडपाठ आहेत. डेबियनमधून डेव्हुआन नावाची वेगळी चूल मांडण्यापर्यंत मजल गेली. मला त्या वादात पडायचं नाही. पीआयडी १ म्हणून, म्हणजे पहिल्या क्रमांकाची प्रोसेस म्हणून, जे मशीनवर बसलेलंच आहे, त्याच्याकडून आणखी एक प्रोसेस सांभाळून घ्यायला वेगळं काही बसवावं लागत नाही, एवढं मला पुरेसं होतं.

सर्व्हिस फाइल लिहिणं हा या कामातला सर्वांत छोटा भाग. दहा-बारा ओळींची फाइल असते, नमुने हवे तितके मिळतात. अवघड भाग वेगळाच. इतकी वर्षं ते ॲप्लिकेशन एका माणसाच्या लॉगिनच्या छायेत जगत होतं. त्या लॉगिनने त्याला काय काय पुरवलं होतं, हे त्या माणसालाही सांगता आलं नसतं. सर्व्हिस म्हणून उठवलं की ते सगळं एका फटक्यात जातं, आणि जे हवं असेल ते एकेक नाव घेऊन द्यावं लागतं.

म्हणून आधी चालू प्रोसेसची झडती घेतली. लिनक्सवर हे सोपं आहे आणि तरी फार कमी जण करतात. प्रॉक नावाच्या फोल्डरात प्रत्येक चालू प्रोसेससाठी तिच्या पीआयडीच्या नावाचं एक फोल्डर असतं. त्यातली एन्व्हायरन फाइल उघडली की ती प्रोसेस सुरू झाली तेव्हा तिला कोणकोणते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (बाहेरून दिलेल्या सेटिंग) मिळाले होते ते दिसतं. नोंदींच्या मधे नवीन ओळीऐवजी शून्य बाइट असतो, त्यामुळे थेट बघितलं तर सगळा एकच लांबलचक गुंता दिसतो. टीआर कमांडने शून्याच्या जागी नवी ओळ घातली की स्वच्छ यादी. सीडब्ल्यूडी ही लिंक सांगते की प्रोसेस कुठल्या फोल्डरात उभी आहे. लिमिट्स फाइलमध्ये तिच्या मर्यादा, एफडी फोल्डरात तिने उघडलेल्या सगळ्या फाइली. हे सगळं एका टेक्स्ट फाइलमध्ये जपून ठेवलं. पुढे तीच फाइल कामाला आली.

त्या यादीत काय नव्हतं! डेटाबेसचा पासवर्ड होता, तो अपेक्षितच होता. बिलं ठेवायच्या फोल्डरचा पत्ता होता. टीझेड म्हणजे टाइमझोन होता, तो त्या माणसाच्या बॅशआरसी या खासगी सेटिंगच्या फाइलीतून आलेला, कारण सर्व्हर स्वतः यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालत होता. रात्रीचा अहवाल नेमका कुठल्या मध्यरात्री निघायचा, हे एका व्यक्तीच्या खासगी सेटिंगवर ठरत होतं.

मग नवा सिस्टिम यूजर केला, त्याला शेल (कमांड घेणारा प्रोग्राम) म्हणून नोलॉगिन दिलं, म्हणजे त्या नावाने कुणी आत शिरायला नको. ॲप्लिकेशन ऑप्ट फोल्डरात नेलं. पोर्टची चिंता नव्हती, ते ८०८० वर ऐकत होतं आणि पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर होता. १०२४ च्या खालचं पोर्ट असतं तर साध्या यूजरला ते उघडता येत नाही आणि वेगळी परवानगी द्यावी लागली असती.

फाइलचे तीन भाग. युनिटमध्ये ही सर्व्हिस काय आणि कुणाच्या नंतर उठायची, सर्व्हिसमध्ये कशी चालवायची, इन्स्टॉलमध्ये बूटच्या वेळी कुणाबरोबर जोडायची. सगळ्यांत महत्त्वाची ओळ एग्झेकस्टार्ट. नवख्यांची पहिली अडचण इथेच होते, कारण ती ओळ कमांडसारखी दिसते पण शेल ती वाचत नाही. त्यात पाइप चालत नाही, आउटपुट फाइलमध्ये वळवायचं चिन्ह चालत नाही, तारांकन घालून सगळ्या जार (जावा प्रोग्रामच्या) फाइली देता येत नाहीत. जुनी स्टार्ट स्क्रिप्ट जशीच्या तशी द्यावी तर तिच्या शेवटी अँपरसँड (&) असतो. स्क्रिप्ट जावाला मागे सोडून संपते, सिस्टिमडीला वाटतं मुख्य प्रोसेस संपली म्हणजे सर्व्हिस संपली, आणि ते मागे राहिलेल्या जावालाही गोळा करून मारतं. एका सर्व्हिसच्या सगळ्या प्रोसेस एका सीग्रुपमध्ये, म्हणजे कर्नलने धरून ठेवलेल्या गटात, असतात, त्यामुळे मागच्या दाराने निसटायची सोय नाही. ती स्क्रिप्ट मी बाजूलाच ठेवली आणि जावाची ओळ थेट लिहिली.

डीमन-रीलोड करून सिस्टिमडीला नवी फाइल वाचायला लावली, स्टार्ट केलं. कमांड गुपचूप परत आली, म्हणजे सगळं ठीक असं कुणालाही वाटेल. स्टेटस बघितलं तर लाल अक्षरात फेल्ड, आणि शेजारी २०३ हा आकडा. २०३ म्हणजे सिस्टिमडीला तो प्रोग्राम चालवताच आला नाही. एक तर पत्ता चुकीचा, नाही तर परवानगी नाही. इथे पत्ता बरोबर होता, पण जावा जुन्या सहकाऱ्याच्या होम फोल्डरात आणि नव्या यूजरला त्या फोल्डरात पाऊल ठेवायची मुभा नाही. तेव्हा जावा पॅकेज मॅनेजरमधून सगळ्या सिस्टिमसाठी बसवलं, तीच ११ वी आवृत्ती. स्टार्ट कमांडने तक्रार का केली नाही, तर टाइप सिंपल असला की सिस्टिमडी प्रोसेस फोर्क झाली, म्हणजे वेगळी निघाली, एवढ्यावरच "सुरू झालं" म्हणून मोकळं होतं. २४० व्या आवृत्तीपासून एग्झेक नावाचा टाइप आहे. त्यात प्रोग्राम खरोखर चालू होईपर्यंत वाट बघितली जाते आणि अशी चूक स्टार्टच्या क्षणीच तोंडावर येते. नव्या सर्व्हिसेसना मी आता तोच टाइप देतो.

पुढची तक्रार कॉन्फिग फाइल सापडत नसल्याची. ॲप्लिकेशन ती "इथल्याच" फोल्डरात शोधत होतं, आणि सर्व्हिसचं "इथे" म्हणजे, काही सांगितलं नसेल तर, थेट रूट, म्हणजे सगळ्यांत वरचं फोल्डर. वर्किंगडिरेक्टरीची एक ओळ घातली की हा विषय मिटतो.

पासवर्डांचं प्रकरण जरा जास्त चाललं. ते थेट सर्व्हिस फाइलमध्ये लिहायचे नाहीत, कारण सिस्टिमसीटीएल शो ही कमांड मशीनवरच्या कुणालाही ते दाखवते. एन्व्हायर्नमेंटफाइल म्हणून वेगळी फाइल द्यायची आणि तिच्या परवानग्या ६०० ठेवायच्या, म्हणजे फक्त मालकाला ती वाचता-लिहिता येते. एक सोय अशी की ही फाइल पीआयडी १ वाचतो, तेही यूजर बदलण्याच्या आधी. त्यामुळे ती रूट या मुख्य यूजरच्या मालकीची ठेवता येते आणि खुद्द सर्व्हिसच्या यूजरलाही ती वाचायची परवानगी लागत नाही. जुन्या बॅशआरसीतल्या ओळी त्यात चिकटवल्या तर लॉगमध्ये इग्नोरिंग इनव्हॅलिड एन्व्हायर्नमेंट असाइनमेंट असा संदेश येतो, कारण त्या ओळींच्या सुरुवातीला एक्स्पोर्ट असतं. एक्स्पोर्ट हा शेलचा शब्द, सिस्टिमडीच्या लेखी त्याला अर्थ नाही. एका ओळीत आधीच्या व्हेरिएबलचा डॉलर लावून उल्लेख होता, तोही इथे उलगडत नाही. पूर्ण किंमत लिहावी लागते.

आता ॲप्लिकेशन उठलं. लॉगइन पान दिसलं, बिलं निघाली. आणि दुपारी हिशेब बघणाऱ्या सहकाऱ्याचा मेसेज आला: "सर, नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतायत. सगळीकडे नाही, फक्त डाउनलोड केलेल्या फाइलमध्ये."

ही या सगळ्या कामातली मला सर्वांत आवडलेली भानगड. ॲप्लिकेशनच्या पानांवर मराठी नावं व्यवस्थित, डेटाबेसमध्ये व्यवस्थित, पण डाउनलोड केलेली सीएसव्ही फाइल उघडली की प्रत्येक अक्षराच्या आणि मात्रेच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह. जार तीच, जावाची आवृत्ती तीच, डेटाबेस तोच. जपून ठेवलेली जुनी यादी काढली, नव्या प्रोसेसच्या एन्व्हायरनची यादी केली आणि दोन्हींचा डिफ, म्हणजे फरक, घेतला. जुन्यात लँग नावाचं व्हेरिएबल होतं, शेवटी यूटीएफ-८ (देवनागरीही बसते अशी अक्षरं साठवायची पद्धत) असलेलं. नव्यात लँग नाहीच.

मग प्रश्न असा की जुन्यात ते आलं कुठून, कारण बॅशआरसीत ते नव्हतं आणि सर्व्हरवर सिस्टिमपातळीवर लोकेल, म्हणजे भाषेची सेटिंग, कुणी ठरवलेलंच नव्हतं. ते आलं होतं लॅपटॉपवरून! लांबच्या मशीनवर लॉगिन करायच्या एसएसएच क्लायंटच्या सेटिंगमध्ये सेंडएन्व्ह नावाची ओळ असते आणि सर्व्हरच्या बाजूला ॲक्सेप्टएन्व्ह. डेबियन-उबुंटूवर या दोन्हींत लँग आणि एलसीने सुरू होणारी नावं आधीच घातलेली असतात. म्हणजे त्या सहकाऱ्याने ज्या लॅपटॉपवरून लॉगिन केलं, त्या लॅपटॉपची भाषेची सेटिंग कनेक्शनबरोबर सर्व्हरवर उतरली, त्या लॉगिनमधून स्क्रीनला मिळाली, स्क्रीनमधून जावाला, आणि लॅपटॉप परत जमा होऊन कुठे गेला कुणास ठाऊक, पण त्याचं लोकेल आमची बिलं सांभाळत राहिलं.

जावाच्या बाजूने बघायचं तर आवृत्ती १८ पर्यंत, म्हणजे मार्च २०२२ पर्यंत, डीफॉल्ट एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, मशीनच्या लोकेलवरून ठरायचं. लोकेल नसेल तर पॉझिक्स, आणि पॉझिक्स म्हणजे आस्की. आस्कीत देवनागरी बसत नाही, म्हणून जावा निमूटपणे प्रश्नचिन्ह लिहून पुढे जातं. ना एरर, ना लॉगमध्ये ओळ. १८ पासून डीफॉल्ट यूटीएफ-८ झालं. बहुतेक जण इथे जावाच्या कमांडमध्ये फाइल-एन्कोडिंगचा पर्याय घालून मोकळे होतात. मी तो घातला नाही, कारण त्याने फाइलच्या आतला मजकूर सुधारतो, फाइलच्या नावाचा प्रश्न तसाच राहतो. नावांसाठी जावा वेगळं एन्कोडिंग वापरतं आणि ते आजही लोकेलवरूनच येतं. आमच्याकडे लोक जोडलेल्या कागदपत्रांना सर्रास मराठी नावं देतात. तशी फाइल अपलोड केली तर इनव्हॅलिड पाथ म्हणून अपवाद फेकला गेला असता. सर्व्हिस फाइलमध्ये लँगची किंमत सी.यूटीएफ-८ अशी एक ओळ दिली, दोन्ही प्रश्न गेले. त्या दोन यादींच्या डिफमधून टीझेडचीही खात्री करून घेतली. अहवालाची मध्यरात्र आता सर्व्हिस फाइलमध्ये लिहिलेली आहे.

मर्यादांचीही तीच गत. किती फाइली एका वेळी उघडता येतील हे सिक्युरिटी फोल्डरातल्या लिमिट्स फाइलमध्ये वाढवून ठेवलं होतं. पण ती फाइल वाचते पॅम ही लॉगिन सांभाळणारी यंत्रणा, तेही लॉगिन होताना. सर्व्हिस लॉगिन करतच नाही. लिमिटनोफाइल अशी ओळ सर्व्हिस फाइलमध्ये वेगळी लिहावी लागते.

थांबवणं हा चालू करण्याइतकाच मोठा विषय आहे, हे स्क्रीनमध्ये कंट्रोल-सी दाबून काम भागवणाऱ्यांना पटत नाही. स्टॉप म्हटलं की सिस्टिमडी सिगटर्म पाठवतं, मग डीफॉल्टने ९० सेकंद वाट बघतं, तरी प्रोसेस जिवंत असेल तर सिगकिल. सिगकिलपुढे कुणाचं चालत नाही, हातातलं बिल अर्धवट राहिलं तर राहिलं. आमचं ॲप्लिकेशन सिगटर्म मिळाल्यावर शहाण्यासारखं आवरतं, चालू काम संपवतं आणि बंद होतं. तरीही प्रत्येक स्टॉपनंतर स्टेटस लाल, फेल्ड. आकडा १४३. हा आकडा जावावाल्यांच्या ओळखीचा आहे: १२८ अधिक १५, आणि १५ हा सिगटर्मचा क्रमांक. एखादी प्रोसेस सिगटर्मने मेली तर सिस्टिमडी ते नीट थांबणंच समजतं. पण जावा तो सिग्नल स्वतः झेलतं, आवराआवर करतं आणि मग १४३ हा कोड देऊन आपण होऊन बाहेर पडतं. शून्याखेरीज कोड म्हणजे अपयश, असा सिस्टिमडीचा हिशेब. सक्सेसएग्झिटस्टेटस १४३ अशी ओळ दिली की तो लाल रंग जातो. दिसायला किरकोळ गोष्ट, पण खोट्या लाल रंगाची सवय लागली की खरा लाल रंग कुणी बघत नाही.

रीस्टार्टची ओळ सगळे घालतात आणि तिथेच थांबतात. ऑन-फेल्युअर की ऑलवेज, यावर बरंच बोललं जातं. मी ऑन-फेल्युअर ठेवलं, कारण हे ॲप्लिकेशन कधी आपण होऊन शून्य कोडने बंद झालं तर त्यामागे कारण असेल आणि ते मला बघायचं आहे. खरी गोम वेगळीकडे आहे. दोन रीस्टार्टच्या मधला डीफॉल्ट अवकाश १०० मिलिसेकंद, आणि १० सेकंदांत पाचापेक्षा जास्त वेळा सुरू करायची वेळ आली तर सिस्टिमडी हात टेकतं. त्यानंतर ती सर्व्हिस तशीच पडून राहते, कुणी हाताने उठवेपर्यंत.

रीबूटच्या चाचणीत हेच समोर आलं. चाचणीचा सर्व्हर आणि त्याचा डेटाबेस ही दोन वेगळी मशीन, दोन्ही एकदम रीबूट केली. ॲप्लिकेशन लहान, एका सेकंदात उठतं, आणि डेटाबेस दिसला नाही की तितक्याच चपळाईने मरतं. डेटाबेसचं मशीन अजून अंगावरची चादर काढत होतं, तेवढ्यात इकडे पाचही संधी संपल्या. स्टार्ट-लिमिट-हिट. अशा वेळी आफ्टर म्हणून डेटाबेसचं नाव लिहा असा सल्ला मिळतो. तो एकाच मशीनवर दोन्ही असतील तेव्हाचा. दुसऱ्या मशीनवर काय उठलं आणि काय नाही, हे या सिस्टिमडीला कळण्याचा मार्ग नाही. नेटवर्क-ऑनलाइन टार्गेटचं नाव आफ्टर आणि वाँट्स अशा दोन्ही ओळींत दिलं. नुसतं आफ्टर दिलं तर फक्त क्रम ठरतो, ते टार्गेट उठेलच असं नाही. त्याने नेटवर्क असल्याची खात्री झाली, डेटाबेसची नाही. त्यावर उपाय रीस्टार्टसेक १०. दर प्रयत्नामागे १० सेकंद थांबायचं म्हटलं की १० सेकंदांत पाच प्रयत्न होऊच शकत नाहीत, मर्यादा लागूच होत नाही, आणि डेटाबेस उठेपर्यंत ॲप्लिकेशन शांतपणे दार ठोठावत राहतं. खरं तर ॲप्लिकेशननेच डेटाबेससाठी आत थांबून वाट बघायला हवी. ते डेव्हलपरांच्या यादीत टाकलं आहे, आणि त्या यादीचा वेग सगळ्यांना माहीत आहे.

स्टार्ट आणि एनेबल यांतला फरक सांगून सांगून मी थकलो आहे. स्टार्ट म्हणजे आत्ता चालू कर. एनेबल म्हणजे पुढच्या बूटला चालू कर, आत्ताचं काही नाही. दोन्ही हवं असेल तर एनेबलला नाउ जोडायचं.

लॉगचं बघा. जुन्या पद्धतीत नोहप.आउट नावाची एकच फाइल फुगत जायची. डिस्क भरली म्हणून ती कुणीतरी डिलीट केली तरी जागा मोकळी व्हायची नाही, कारण प्रोसेसने ती उघडून धरलेली. नाव जातं, जागा तशीच अडलेली. आता ॲप्लिकेशन जे काही टर्मिनलवर लिहायचं ते सिस्टिमडीच्या जर्नल या लॉगमध्ये जातं. जर्नल डिस्कच्या १० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त ४ जीबी एवढीच जागा घेतं, जुनं आपोआप काढतं. मात्र वार (/var) मधल्या लॉग फोल्डरात जर्नल नावाचं फोल्डर आहे ना, हे आधी बघून घ्या. ते नसेल तर ऑटो या सेटिंगमध्ये जर्नल फक्त मेमरीत राहतं आणि रीबूटबरोबर पुसलं जातं. म्हणजे रीबूटच्या आधी काय बिघडलं, हेच नेमकं बघता येत नाही. ते फोल्डर असलं की मागच्या बूटचे लॉगही काढता येतात. तारखेपासून, तासापासून, फक्त एररचे, फक्त या सर्व्हिसचे, अशी चाळण लावायला मिळते. ग्रेपने मोठी फाइल चाळण्यात हात बसलेल्या एका सहकाऱ्याने आधी नाक मुरडलं, आता तोच सगळ्यांना जर्नलसीटीएलचे पर्याय सांगत फिरतो.

सगळं स्थिर झाल्यावर कुलुपं घातली. सिस्टिमडी-ॲनालाइझ सिक्युरिटी ही कमांड सर्व्हिस किती उघडी आहे याचा ० ते १० असा आकडा देते, जास्त म्हणजे वाईट. काहीच न लावलेली सर्व्हिस नऊच्या वर असते. तो आकडा खाली आणण्याच्या नादात सगळे पर्याय आंधळेपणाने लावायचे नसतात. मेमरीडिनायराइटएग्झिक्यूट हा पर्याय चांगला वाटतो, पण जावाचा जेआयटी कंपायलर मेमरीत मशीन कोड लिहितो आणि तिथूनच चालवतो. हा पर्याय लावला की जावा उठतच नाही. प्रोटेक्टसिस्टिम स्ट्रिक्ट लावलं, त्याने जवळपास सगळी फाइलसिस्टिम वाचण्यापुरती होते, आणि बिलांचं फोल्डर तेवढं लिहिण्यासाठी उघडं केलं. प्रायव्हेटटीएमपीने मात्र एक जुनी वाट उघडी पाडली. ॲप्लिकेशन रात्रीचा अहवाल टीएमपी या तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरात ठेवायचं आणि एक क्रॉन स्क्रिप्ट (ठरल्या वेळी चालणारी) तो तिथून उचलून ईमेल करायची. प्रायव्हेटटीएमपीमुळे ॲप्लिकेशनचं टीएमपी वेगळं झालं, अहवाल बनत होता, लॉगमध्ये तशी नोंद होती, आणि स्क्रिप्टला तिथे फाइल नाही. दोघांसाठी वेगळं सामाईक फोल्डर केलं. टीएमपीतून फाइलींची देवाणघेवाण ही पद्धत तशीही जायलाच हवी होती.

आता राहिलेलं काम. स्टेटसमध्ये हिरवं ॲक्टिव्ह रनिंग दिसतं, पण त्याचा अर्थ प्रोसेस जिवंत आहे एवढाच. सगळे थ्रेड (प्रोसेसच्या आत समांतर चालणारी कामं) एकमेकांसाठी अडकून बसले तरी ते हिरवंच राहतं. सिस्टिमडीत वॉचडॉग आहे. ठरावीक वेळात ॲप्लिकेशनने "मी आहे" असं कळवलं नाही तर ते त्याला मारून पुन्हा उठवतं. पण त्यासाठी ॲप्लिकेशनला सिस्टिमडीशी बोलता यावं लागतं, आणि आमच्याला ते येत नाही. तोवर एक वेगळा टायमर दर मिनिटाला ॲप्लिकेशनचं हेल्थ पान मागतो, आणि लागोपाठ तीनदा उत्तर आलं नाही तर आधी थ्रेड डंप, म्हणजे कोणता थ्रेड कुठे आहे याची नोंद, फाइलमध्ये काढून मग रीस्टार्ट करतो. डंप आधी काढायचा हा माझा आग्रह. नुसतं रीस्टार्ट केलं तर अडकलं कशामुळे याचा पुरावा त्याच्याबरोबरच जातो.